आषाढी वारीचे शेवटचे दिवस: माळशिरसपासून पंढरपूरपर्यंत आणि तिथून घरी

माळशिरसचा तळ पडला की दिंडीत कुणीतरी म्हणतंच, "आता काय, आलंच पंढरपूर." अंतर बघितलं तर त्याचं खरं असतं. आळंदीपासूनचे साधारण अडीचशे किलोमीटर, त्यातले पन्नास-पंचावन्न उरलेले. दिवे घाट कधीच मागे पडला, पुढे डोंगर नाही. तरीही माझ्या मते वारीचा सगळ्यात सांभाळून चालायचा भाग इथूनच सुरू होतो. अंतर कमी होतं, बाकी सगळं वाढतं. गर्दी वाढते, कारण सगळ्या पालख्या एकाच दिशेने जवळ येत असतात. दोन आठवडे दाबून ठेवलेलं दुखणं वर येतं. घरून आणलेल्या गोळ्या संपत आलेल्या असतात. आणि ओढ अशी लागते की पाय थांबा म्हणाले तरी ऐकू येत नाही.

हा लेख प्रामुख्याने माउलींच्या सोहळ्याच्या वाटेवरचा आहे: माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, पंढरपूर. तुकोबारायांच्या सोहळ्यात असाल तर तुमचे मुक्काम अकलूज, बोरगाव, पिराची कुरोली, वाखरी असे असतील. वाखरीपासून पुढचं सगळं सारखंच. तिथीची वृद्धी किंवा क्षय असेल तर मुक्काम एखाद्या दिवसाने पुढेमागे होतात, म्हणून त्या वर्षीचं संस्थानचं वेळापत्रक जवळ ठेवा.

माळशिरसचा मुक्काम: थोडा हिशोब

संध्याकाळची समाज आरती झाली की अर्धा तास काढा आणि पिशवी उपसा. रक्तदाब, साखर, थायरॉइड, फिट्स यांच्या गोळ्या मोजा. पंढरपुरात पोचेपर्यंत पुरणं महत्त्वाचं नाही, घरी पोचल्यावर दोन दिवस पुरतील इतक्या हव्यात. कमी पडत असतील तर माळशिरसला किंवा फार तर वेळापूरला घ्या. वाखरीच्या गर्दीत औषधाचं दुकान शोधत फिरणं नको. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या आणि एक प्रत कागदावरही, कारण मोबाइल ऐनवेळी बंद पडतो.

दुसरं काम, खिशातली चिठ्ठी. पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचा कागद, प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्यावर नाव, गाव, घरचा नंबर, दिंडीचालकांचा नंबर, कोणता आजार, कोणती औषधं, कोणत्या औषधाची ॲलर्जी. आणि दिंडीचा क्रमांक लिहिताना "रथापुढे" की "रथामागे" हे लिहायला विसरू नका. माउलींच्या रथापुढे सत्तावीस दिंड्या चालतात आणि रथामागे वेगळी मोजणी सुरू होते. नुसतं "दिंडी नंबर १२" सांगणाऱ्या आजीबाईंना स्वयंसेवक भलत्याच दिंडीत नेऊन पोचवतात, आणि मग दोन्हीकडे शोधाशोध. मुलांच्या आणि सत्तरीपुढच्या माणसांच्या खिशात ही चिठ्ठी असायलाच हवी. त्यांना वाचता येतं की नाही याचा इथे संबंध नाही, वाचणारा दुसरा असतो.

वस्तू हरवली असेल तर घाबरून तळभर फिरू नका. समाज आरतीच्या वेळी चोपदारांनी चोप उंचावला की लाखभर माणूस गप्प होतो, आणि त्याच वेळी सापडलेल्या-हरवलेल्या वस्तूंची माहिती पुकारली जाते. आपल्या विणेकऱ्यांना किंवा दिंडीचालकांना आरतीआधी सांगून ठेवा.

तिसरं, परतीचं. शेवटच्या घटकेला ठरवू म्हणणारे द्वादशीच्या रात्री एसटीच्या तात्पुरत्या स्थानकावर झोपलेले दिसतात. एकादशी करून निघायचं, द्वादशीचं पारणं सोडून निघायचं, की पौर्णिमेच्या गोपाळकाल्यापर्यंत थांबायचं, हे माळशिरसलाच ठरवा आणि घरी कळवून टाका. ते का, हे पुढे येईल.

पाय

इथपर्यंत चालून आलेल्या माणसाला पायांबद्दल उपदेश नको असतो, हे मला माहीत आहे. तरी शेवटच्या आठवड्यातले पाय पहिल्या आठवड्यातल्या पायांपेक्षा वेगळे असतात. सुरुवातीला फोड येतात, ते वरचं दुखणं. आता जे दुखतं ते आतलं असतं.

आधी फोडांचं बघू. लहान, न दुखणारा फोड तसाच राहू द्या. मोठा, ताणलेला, चालताना टोचणारा फोड असेल तर तो फोडावा, पण कडेला, निर्जंतुक सुईने, स्वच्छ हातांनी. वरची कातडी काढू नका, तीच मलमपट्टी असते. वारीत एक जुनी रीत आहे, सुईत दोरा ओवून तो फोडात ठेवायचा, म्हणजे पाणी झिरपत राहतं. चिखलातून, ओढ्यातून चालणाऱ्या पायात तो दोरा म्हणजे जंतूंना आत यायला पायवाट. दोरा ठेवू नका. पाणी काढा, जंतुनाशक लावा, पट्टी बांधा आणि मुक्कामावर पट्टी उघडून फोडाला वारा लागू द्या.

बोटांमधल्या चिखल्यांकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. पांढरी, सुजल्यासारखी, फाटलेली कातडी दिसली तर रोज संध्याकाळी पाय धुऊन बोटांच्या मधली जागा कोरडी पुसा आणि बुरशीचं मलम किंवा पावडर लावा. याच फटीतून जंतू आत शिरतात आणि दोन दिवसांत नडगीपर्यंत लालसर, गरम सूज चढते. अशी सूज, सोबत ताप किंवा थंडी वाजणं, हे दिसलं की घरगुती उपाय बंद. वाटेवर आरोग्य विभागाची पथकं असतात, तिथे जा.

नडगीचं दुखणं दोन प्रकारचं. संपूर्ण नडगीच्या कडेने ठसठसत असेल, चालून चालून गरम झाल्यावर कमी होत असेल, तर तो स्नायूंचा थकवा. विश्रांती, थंड पाण्याच्या पट्ट्या आणि छोटी पावलं यांनी निभावतं. पण एका बोटाने नेमकी जागा दाखवता येत असेल, तिथे दाबलं की डोळ्यांत पाणी येत असेल, त्या एका पायावर हलकीशी उडीही मारता येत नसेल, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. तेव्हा दिंडीच्या गाडीत बसा. "वारी मोडली" असं वाटून तसंच रेटणारे पंढरपुरात प्लास्टर घेऊन उतरतात. एक टप्पा गाडीत बसलेल्या माणसाला विठ्ठल परका मानतो, असं मला तरी कुणा जाणत्या वारकऱ्याने सांगितलेलं नाही.

आणि पोटरी. दोन्ही पोटऱ्या दुखणं स्वाभाविक आहे. एकच पोटरी सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली, तर तिथे रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते. अशा पायाला तेल लावून रगडायचं नाही, कुणी कितीही प्रेमाने सेवा करायला आलं तरी. सोबत धाप लागली किंवा छातीत दुखलं तर १०८ लावायचा.

दुखणं दाबायच्या गोळ्यांबद्दल एकच सांगतो. दोन आठवडे रोज, उपाशीपोटी, घाम गाळत आणि पाणी कमी पीत त्या घेतल्या तर पोट बिघडतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. लघवी कमी झाली, गडद झाली, तर गोळी थांबवा आणि जलसंजीवनीचं पाणी वाढवा. मूत्रपिंडाचा, रक्तदाबाचा किंवा पोटातल्या अल्सरचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्या नकोच.

पालखी मार्ग आता चौपदरी झाला आहे, बराचसा काँक्रीटचा. चालायला सपाट, पण काँक्रीट गुडघ्यांना कठीण आणि दुपारी तापलेलं. जिथे कडेला मातीची पट्टी असेल आणि चिखल नसेल तिथे तिच्यावरून चाला. रस्ता कडेकडे उतरता असतो, म्हणून सतत एकाच कडेने चालू नका, नाहीतर एकाच गुडघ्यावर आणि घोट्यावर भार येत राहतो.

वेळापूरचा दिवस

माळशिरसहून निघाल्यावर खुडूस फाट्याला गोल रिंगण. त्यानंतर धावाबावी. तुकोबांना इथून पंढरीच्या मंदिराचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी परंपरा सांगतात. म्हणून वारकरी इथे धावा करतात. उतार आहे, आनंद आहे, मागून दिंड्या येत असतात. धावायचं असेल तर धावा, कुणी अडवणार नाही. फक्त आधी पोटऱ्या जरा ताणून सैल करा, चपलेचा पट्टा बघून घ्या, रस्ता ओला असेल तर पावलं लहान ठेवा. थकलेल्या पायाने एकदम घेतलेला वेग पोटरीचा स्नायू फाडतो. मग पुढचे दोन टप्पे लंगडत. डोक्यावर तुळस किंवा हंडा असलेल्या मायमाउली आणि गुडघ्याने बेजार झालेले यांनी आधीच डाव्या कडेला होऊन थांबावं आणि धावा निघून गेल्यावर चालत उतरावं. मधोमध एकदम थांबायचं नाही, मागच्यांना थांबता येत नसतं.

रिंगणाबद्दलही इथेच सांगून टाकतो, कारण पुढे ठाकूरबुवांच्या समाधीजवळ आणि बाजीरावाच्या विहिरीजवळ तीच परिस्थिती असते. धोका अश्व धावताना नसतो, ते धावून झाल्यावर असतो. टापांखालची माती कपाळाला लावायला हजारो माणसं एकदम वाकतात, आणि वाकलेल्या माणसाला मागचा लोंढा दिसत नाही. माती पाच मिनिटांनीही तिथेच असते. रिंगण झालं की आधी मागे सरका, गर्दी उलगडू द्या. फुगडीही कोरड्या जागी घाला. पंधरा दिवस चाललेला गुडघा ओल्या काळ्या मातीत पीळ सोसत नाही.

वेळापूरला लवकर पोचलात तर अर्धनारी नटेश्वराचं जुनं मंदिर बघून घ्या. पण आधी पाय धुवा, जेवा, मग.

भंडीशेगाव

हा टप्पा लांब, वीस किलोमीटरच्या आसपास. शेवटचा लांब टप्पा हाच. ठाकूरबुवांच्या समाधीजवळचं रिंगण, तोंडले-बोंडलेची दुपार, मग 'टप्पा' नावाच्या ठिकाणी सोपानकाकांच्या आणि माउलींच्या पालखीची बंधुभेट. तोंडले-बोंडलेला नंदाच्या ओढ्यात उतरायची परंपरा आहे. पायाला उघडी जखम असेल तर ओढ्याला हात जोडून बाजूने जा. साचलेल्या, जनावरांचा वावर असलेल्या पाण्यातून लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप येतो, आणि तो जखमेतून, तसाच डोळे-नाक-तोंडातूनही शिरतो.

या दिवशी पाणी जास्त लागतं. सोलापूर जिल्ह्यात आषाढात एकतर बुरबुर पाऊस किंवा चटका लावणारं ऊन, कधी दोन्ही. सकाळी निघताना अर्धा-पाऊण लिटर पिऊन निघा, टँकरचं पाणी घेताना क्लोरीन टाकलंय का विचारा, आणि वाटेत मिळणारं कापलेलं फळ, उघडं सरबत टाळा. सेवा करणाऱ्याचं मन मोडतं असं वाटत असेल तर केळं घ्या, सालीसकट असतं.

रात्री तळावर जागा निवडताना काळ्या मातीचा विचार करा. खोलगट जागी ठोकलेलं पाल तासाभराच्या पावसात तळं होतं.

वाखरी

भंडीशेगावहून वाखरी जवळ, आठ-दहा किलोमीटर. वाटेत बाजीरावाच्या विहिरीजवळ उभं आणि गोल अशी दोन्ही रिंगणं. अंतर कमी म्हणून लोक हा दिवस फिरण्यात घालवतात. माझा आग्रह उलट आहे: रिंगण बघा, तळावर या आणि झोपा. सगळ्या संतांच्या पालख्या इथे एकत्र येतात: त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथ, सासवडहून सोपानकाका, मुक्ताईनगरहून मुक्ताबाई, पैठणहून एकनाथ महाराज. दर्शनाला फिरायचंच तर एखादी-दुसरी पालखी ठरवून जा, सगळ्यांचा फेरा मारायला गेलात तर त्याच दिवशी अजून एक टप्पा चालल्यासारखं होतं.

झोपण्याआधी दिंडीचालकांकडून तीन गोष्टी लिहून घ्या. पंढरपुरात दिंडी कुठे उतरणार: कोणता मठ, कोणती धर्मशाळा, की नदीपलीकडच्या ६५ एकरातल्या राहुट्या. तिथली ठळक खूण. आणि सामानाचा ट्रक कुठे थांबणार. ट्रक दशमीला वेगळ्या रस्त्याने जातो, बाहेर अडवला जातो, आणि सामान रात्री उशिरा किंवा दुसऱ्या दिवशीच हाती येतं. म्हणून दशमीचं आणि एकादशीचं औषध, बॅटरी, अंगावर घ्यायचं, एक जोडी कोरडे कपडे आणि खाण्याचं थोडं सामान खांद्याच्या पिशवीत ठेवा, ट्रकमध्ये नाही.

दशमी: शेवटचे सहा-सात किलोमीटर

वाखरीहून पंढरपूर तब्येत बरी असलेल्या माणसाला दीड तासाची वाट. सोहळ्यातून जाताना मात्र दुपारी निघून रात्र होते. पंढरपुराहून नामदेवरायांची पालखी सामोरी येते, पालख्या ठरलेल्या क्रमाने निघतात आणि माउली सगळ्यात शेवटी. वाटेत पादुकांजवळ उभं रिंगण होतं. रथामागची दिंडी असेल तर आपण मध्यरात्रीच्या आत टेकू असं गृहीत धरू नका. दुपारचं जेवण टाळून निघू नका, उभं राहण्यातच जास्त वेळ जातो आणि पाठ, टाचा चालण्यापेक्षा उभं राहून दुखतात. थांबलं की टाचा उचलून खाली ठेवत राहा, वजन या पायावरून त्या पायावर घ्या.

गर्दी दाटली तर हात छातीसमोर घ्या, कोपर थोडे बाहेर, म्हणजे श्वासाला जागा राहते. खाली पडलेलं काही उचलायला वाकू नका, चप्पल असो वा फोन. लोंढ्याच्या विरुद्ध जोर लावायचा नाही. ढकल ओसरते त्या क्षणी तिरकं, एक-दोन पावलं कडेकडे सरकायचं. मूल उचलून पुढे छातीशी धरा. पडलातच तर कुशीवर वळा, गुडघे पोटाशी, हात डोक्यावर. दिंडीत असाल तर टाळकऱ्यांच्या ओळी आणि दोर सोडू नका. दिंडीची शिस्त भजनासाठी असते तितकीच माणसं सांभाळण्यासाठी असते, हे अशा वेळी कळतं.

फोन लागणार नाही, हे आधीच मान्य करा. लाखो फोन एका गावात आले की कॉल अडकतात. साधा एसएमएस बहुधा जातो. चुकामूक झाली तर भेटायची जागा आणि वेळ ठरवा. नामदेव पायरीजवळ भेटू असं मात्र कृपा करून ठरवू नका, सगळ्या महाराष्ट्राने तेच ठरवलेलं असतं. आपल्या मठाचं दार ही सगळ्यात बरी जागा. दागिने गळ्यात नकोत, पैसे दोन-तीन ठिकाणी वाटून ठेवा.

दर्शनाचं काय

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून सावकाश सांगतो.

आषाढीला देवाचा पलंग निघालेला असतो, म्हणजे देवाला निद्रा नाही. यात्रा संपल्यावर होणाऱ्या प्रक्षाळपूजेपर्यंत दर्शन चोवीस तास चालू असतं. दर्शनाचे मार्ग चार. पददर्शन, म्हणजे पायांवर डोकं ठेवून. त्याची बारी, म्हणजे रांग, दशमी-एकादशीला गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते आणि वीस तास, कधी त्याहून जास्त लागतात. मुखदर्शन, म्हणजे काही अंतरावरून मूर्ती दिसते. त्याची वेगळी रांग, बरीच लहान, तरी काही तासांची. नामदेव पायरीचं दर्शन, महाद्वारात, समोरच चोखोबांची समाधी. आणि कळसाचं दर्शन.

पिढ्यान्‌पिढ्या वारी करणाऱ्या घरांमध्ये अनेक जण एकादशीला चंद्रभागेचं स्नान, नगरप्रदक्षिणा, पायरी आणि कळस एवढंच करतात आणि वारी पोचली म्हणतात. दोन-अडीच आठवडे चालून आलेला माणूस, एकादशीचा उपवास, आणि त्यावर वीस तास उभं राहणं, हे साठीपुढच्या कुणालाही, मधुमेह असलेल्या कुणालाही मी सुचवणार नाही. पायांवर डोकं ठेवायचंच असेल तर दोन चांगले मार्ग आहेत. एक, त्रयोदशी-चतुर्दशीपर्यंत थांबा, बारी आखडत जाते. दुसरा, श्रावण उलटल्यावर एखाद्या साध्या आठवड्यात, एकादशी-शनिवार-रविवार टाळून, घरच्यांना घेऊन या.

वाखरी सोडून आदल्या रात्रीच पुढे पळत जाऊन बारी धरायची, हा काही तरुण मंडळींचा आवडता बेत. दिंडी सुटते, झोप जाते, आणि दशमीचा प्रवेश, ज्यासाठी एवढं चाललो, तो रांगेत उभं राहून ऐकावा लागतो. मला तो बेत कधीच पटलेला नाही.

बारीत उभं राहायचं ठरवलंच तर: एकादशीच्या पहाटे शासकीय महापूजेच्या वेळी पददर्शनाची रांग काही काळ थांबते, तो वेळ धरून चाला. मोबाइल मंदिरात नेता येत नाही, तो मठात ठेवून जा. जवळ पाणी, जलसंजीवनी, राजगिऱ्याचा लाडू, औषधं आणि ती चिठ्ठी. बारीत शिरण्याआधी शौचाला जाऊन या. रुक्मिणीमातेचं मंदिर मागच्या बाजूला स्वतंत्र आहे. विठ्ठलाचं दर्शन झालं की बाहेर पडायच्या घाईत ते राहून जातं.

चंद्रभागा

आषाढीआधी स्नानासाठी उजनी धरणातून पाणी सोडतात, आणि पाऊस झाला असेल तर भीमा आधीच फुगलेली असते. वाळूच्या उपशामुळे पात्रात खड्डे आहेत. गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढे टाकलं की गळ्याइतकं. पोहता येतं हा इथे आधार नाही. बचावाच्या नावा आणि दोर जिथे असतील त्या घाटाजवळ, गुडघ्याच्या वर पाणी न जाऊ देता, दुसऱ्याचा हात धरून स्नान करा. पायऱ्यांवर शेवाळ असतं. फोड, चिखल्या, जखमा असतील तर पाणी डोक्यावर शिंपडून घ्या. तीर्थ घरी न्या, देव्हाऱ्यात ठेवा, पिऊ मात्र नका.

नगरप्रदक्षिणा एकादशीला भल्या पहाटे किंवा थेट द्वादशीला. सकाळी मानाच्या पालख्याही प्रदक्षिणेला निघतात तेव्हा ते अरुंद रस्ते भरून वाहतात.

उपवास आणि पारणं

एकादशीचा उपवास म्हणजे दिवसभर साबुदाण्याची खिचडी आणि चहा, असा अनेकांचा हिशोब असतो. चाललेल्या शरीराला मीठ आणि पाणी हवं असतं: ताक, लिंबूपाणी, केळी, रताळी, शेंगदाणे. भगर आणि भगरीचं पीठ सुटं, जुनं, ओल लागलेलं नको, त्यात बुरशी धरली की विषबाधा होते. सकाळी शिजवलेली भगर संध्याकाळी खाऊ नका. इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी कडक उपवास करायचा नाही. हात थरथरणं, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली की लगेच साखर तोंडात, उपवास नंतर बघू. द्वादशीला पारणं सोडताना पहिल्याच पंगतीत पुरणपोळीवर तुटून पडलात तर पुढचा प्रवास एसटीच्या खिडकीत जातो.

परतीची वाट

एसटी महामंडळ आषाढीला गावाबाहेर तात्पुरती स्थानकं उभारतं आणि विभागानुसार गाड्या वाटून देतं. तुमच्या जिल्ह्याची गाडी कोणत्या स्थानकावरून सुटते हे आगारात किंवा पंढरपुरातल्या मदत केंद्रात आधी विचारा. रात्री या टोकाहून त्या टोकाला पाय ओढत जाणं फार जिवावर येतं. रेल्वेने जायचं तर पंढरपूर मिरज–कुर्डुवाडी मार्गावर आहे. मुंबई-पुणे आणि सोलापूरच्या मुख्य गाड्या कुर्डुवाडीला मिळतात, यात्रेच्या काळात विशेष गाड्याही असतात. एकादशीची संध्याकाळ आणि द्वादशीची सकाळ हे दोन सगळ्यात वाईट वेळ. द्वादशीला दुपारी झोप काढून संध्याकाळी निघालेला माणूस बहुधा बसून जातो.

घरून गाडी येणार असेल तर ड्रायव्हरला तुमच्या गावच्या दिशेच्या रस्त्यावरच्या पार्किंगला थांबायला सांगा. गाव ओलांडून गाडी आत येणार नाही. बसमध्ये पाय लोंबकळून सुजतात. दर थोड्या वेळाने पंजे वर-खाली करा, गाडी थांबेल तिथे उतरून चार पावलं चाला, आणि लघवीला जावं लागेल म्हणून पाणी तोडू नका.

सवड असेल तर पौर्णिमेपर्यंत थांबा. त्या दिवशी गोपाळपुराला काला होतो आणि पालख्या परतीला लागतात. पंढरपूर तोवर रिकामं होत आलेलं असतं, निवांत हिंडता येतं. परतीच्या वाटेवर पालखीसोबत चालणारे मोजकेच, टप्पे लांब, सोयी कमी. पाय धड असलेल्यांनीच तो विचार करावा.

घरी पोचल्यावर

चालणं एकदम थांबवू नका. आठवडाभर रोज दोन-तीन किलोमीटर, नुसतं सावकाश. भूक मात्र वारीतलीच राहते आणि शक्तीचा खर्च थांबलेला असतो, तेव्हा ताट आठवड्याभरात पूर्वीच्या मापावर आणा. वारीत चालण्यामुळे साखर खाली राहिल्याने कुणी गोळ्या कमी केल्या असतील तर घरी आल्यावर तपासून डॉक्टरांना विचारा, जुना डोस आपल्या मनाने सुरू करू नका आणि कमी केलेला तसाच चालू ठेवू नका.

दोन आठवड्यांत ताप आला, अंग आणि पोटऱ्या फोडून निघाल्या, डोळे लाल किंवा पिवळे झाले, तर दवाखान्यात पहिलं वाक्य हे सांगायचं: मी वारीला गेलो होतो, चिखला-पाण्यातून चाललो. लेप्टो, डेंग्यू, टायफॉइड यांचा विचार डॉक्टर मग आधी करतील. काळी पडलेली नखं ओढून काढायची नाहीत, खालून नवं आलं की ती आपोआप सुटतात.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. पहिले काही दिवस घर विचित्र शांत वाटतं. पहाटे काकड्याच्या वेळी जाग येते आणि उठून करायचं काही नसतं. कुणी चिडचिडं होतं, कुणाला उगाच रडू येतं. त्या वेळेला हरिपाठ म्हणा, दिंडीतल्या कुणाला फोन लावा, घरच्यांना मात्र "तुम्हाला काय कळणार" असं म्हणू नका. तुमच्या मागे त्यांनी घर सांभाळलेलं असतं.

दिंडीची भिशी (जेवणाखाण्याची वर्गणी) बाकी असेल तर याच आठवड्यात भागवा आणि पुढच्या वर्षीचं नाव सांगून ठेवा, दिंड्यांना राहुट्यांचा आणि धान्याचा अंदाज लवकर लागतो. आणि झिजलेल्या चपला फेकण्याआधी उलट्या करून तळ बघा. टाचेची आतली बाजू जास्त झिजली असेल तर पाऊल आत कलतं, पुढच्या खेपेला आतून आधार असलेली चप्पल किंवा बूट घ्या. एकच चप्पल जास्त झिजली असेल तर तुम्ही दुसरा पाय वाचवत चालला होता. तो पाय डॉक्टरांना दाखवा. नवी जोडी माघातच घ्या, म्हणजे ज्येष्ठात निघेपर्यंत ती पायाला सरावते.